पुवाला टोपी काढणारे ड्रेसर

ये गं, अशी जवळ सरकून बस. तू तिकडं बीडला खोलीवर असशील हे मला ठाऊक आहे, पण हे वाचताना तरी जवळ बसल्यासारखी बस, आणि तो फोन उपडा ठेव. मागच्या खेपेला आलीस ती अडीच तासांसाठी. आणि जाता जाता माझ्या अंगठ्याला बाभळीचा काटा मोडून जरा लाल झालेलं दिसलं, तर लगेच पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढलीस. इन्फेक्शन आहे आज्जी, सूज आहे, पाच दिवस घे. मी विचारलं, सूज आहे म्हणजे आत नेमकं काय चाललंय? तर म्हणालीस, ते पुढच्या सेमिस्टरला आहे.

नर्सिंगच्या पोरीनं असं बोलावं का? मी चौथी शिकलेली बाई. पण सूज म्हणजे काय ते मला येतं. चारा छावणीत शिकले, उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून, एका जनावरांच्या ड्रेसरकडून.

ड्रेसर म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर सुई टोचतात आणि सही करतात. जखम धुणं, किडे काढणं, पट्टी बांधणं, हे ड्रेसरचं काम. सरकारी नोकरी संपल्यावर आमच्या गावच्या दूध सोसायटीनं त्यांना ठेवून घेतलं होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, गावात तरी कुणी कुठं घेत होतं. उंच, वाळकुंडे, खाकी पँट घोट्याच्या वर चार बोटं, डोक्यावर पांढरी टोपी, आणि उजव्या हाताची तीन बोटं कायम निळी. कसल्याशा निळ्या औषधात ती सारखी बुडायची. जेवताना भाकरीवर निळे ठसे उठायचे आणि ते खुशाल खायचे.

त्यांची पहिली तऱ्हा म्हणजे ही टोपी. बैलाच्या खांद्याचं गळू फुटलं, म्हशीच्या खुरातून पू आला, की आपण नाकाला पदर लावतो. हे टोपी काढायचे. पावसात उभं राहिल्यासारखं डोकं उघडं करून क्षणभर थांबायचे, मग टोपी घालून धुवायला लागायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वैनी, ही घाण न्हाई. ही मेलेली माणसं हायत. तुमच्या म्हशीपायी लढून मेलेली."

आमच्या चेअरमनच्या मानेला एकदा असंच गळू झालं होतं. चेअरमन म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस, खाली बसले तर कपडे मोडतील म्हणून सभेतसुद्धा उभेच. सोसायटीच्या ओट्यावर ते गळू आपोआप फुटलं. ड्रेसर समोरच होते, त्यांनी टोपी काढली. चेअरमनला वाटलं, माणसानं आपल्याला मान दिला. त्यांनीही हात जोडले. ड्रेसर म्हणाले, तुम्हाला न्हाई साहेब, गळवाला. ओट्यावर तीस माणसं दुधाच्या किटल्या घेऊन उभी होती. तीसही हसली.

दुसरी तऱ्हा, दूध सोसायटीत काम करून हा माणूस कोरा चहा प्यायचा. दुधात किती जणी असतात हे मला माहीत हाय, म्हणायचे, आणि माहीत असून मला ते पिववत न्हाई. आणि तिसरी तऱ्हा ऐकून तू तर कपाळाला हात लावशील. त्यांनी एकदा स्वतःच्या पोटरीत मुद्दाम काटा राहू दिला होता. रोज सकाळी लाली कुठवर आली तिथं शाईनं रेघ मारायचे आणि भेटेल त्याला पँट वर करून दाखवायचे. काल इथं होती, आज इथं. एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या दाखवली, तेव्हापासून त्यांना जेवायला वेगळं, कडेला बसवायचे. तू असलं करू नकोस. त्या काट्यानं त्यांना शेवटी ताप आला आणि डॉक्टरांच्या शिव्या खाव्या लागल्या.

तर त्या साली लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला. विहिरी खरवडून झाल्या, कडबा संपला. मग सोसायटीनंच गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी लावली. जनावरं तिथं, म्हणून माणसंही तिथं. आम्ही एक पाल ठोकलं, आणि मी, तुझे आजोबा आणि माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, तिथं राहायला गेलो. आमचं जनावर एकच, तांबू. जर्सीच्या मिश्रणाची, तांबडी, डोळ्यांत कायम काजळ घातल्यासारखी. दुसरी दोन आधीच विकली होती. तांबू गेली असती तर सोसायटीत घालायला दूध नाही, आणि दूध नसलं की आमच्याकडं त्या वर्षी दुसरं काहीच नव्हतं. एवढं ध्यानात ठेव.

एका सकाळी धार काढायला बसले तर तांबूनं लाथ मारली. कधी न मारणारी गाय. बघते तर मागचं डावं सड दगडासारखं टणक, गरम, लाल, आणि पिळलं तर दुधाऐवजी चोथा आला. याला आमच्याकडं दगडी म्हणतात. आत्याबाईंनी ताबडतोब ठरवलं की शेजारच्या पालातलीची दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात ड्रेसर आले. मला वाटलं आता भांडण होणार. तर म्हणाले, काढा आज्जी, पण आधी हात धुवा. आत्याबाई म्हणाल्या, दृष्ट काढायला हात कावून धुवायचे? हात धुवून काढली की लवकर उतरते, ड्रेसर म्हणाले. आत्याबाईंना पटलं. पुढं आख्ख्या छावणीत बाया साबणानं हात धुवून दृष्ट काढायला लागल्या, आणि खरंच, दगडी कमी झाली.

ड्रेसरांची पिशवी उघडली की आतून मिसळणाचा डबा निघायचा. आपल्या स्वयंपाकघरात असतो तोच, सात वाट्यांचा. चार वाट्या चार सडांच्या. उरलेल्या तिनात एकीत कापूस, एकीत निळ्या औषधाची बाटली आणि एकीत कपडे धुवायची पावडर. चारी सडांचं दूध त्यांनी चार वाट्यांत घेतलं, पावडरीचं पाणी घालून गोल गोल हलवलं. तीन वाट्यांत दूध दुधासारखंच राहिलं. चौथीत त्याचा चिकट गोळा झाला, साबुदाण्याच्या खिरीसारखा. ड्रेसरांनी टोपी काढली.

मग त्या दुधाचा एक थेंब काचेवर पसरून, वाळवून, निळा करून त्यांनी मला दुर्बिणीतून दाखवला. त्यांची दुर्बीण, तू मायक्रोस्कोप म्हणशील ती, जुनी, आरशावर ऊन घेऊन चालणारी. डोळा लावला तर जांभळं सांडल्यासारखे डाग. बारके पुष्कळ, आणि मधूनच एखादा मोठा, पोट सुटलेला. ड्रेसर म्हणाले, बारके ते रक्तातून धावत आलेले शिपाई. आणि ती मोठी, ती खरी. तिला पुस्तकात मॅक्रोफेज म्हणतात, म्हणजे मोठी खादाड. मी तिला खादाडबाई म्हणतो.

आणि मग ते सांगत बसले. खादाडबाई कासेत आधीपासून बसलेली असते. बाहेरून कुणी आत आला की ती आधी चाचपून बघते. आपला असला तर सोडते, परका असला तर अंगाखाली घेऊन गिळते. दोन-चार जंतू आले तर एकटीच उरकते, आपल्याला पत्तासुद्धा लागत नाही. पण फौजच आत शिरली की ती ओरडते. तिच्या ओरडण्यानं रक्ताच्या वाटा रुंद होतात, पाणी पाझरतं, शिपाई धावतात, म्हणून ते लाल, ते गरम, ती सूज, तो ठणका. सूज म्हणजे आलेली मदत. आणि लढाई संपली की जंतूंची, मेलेल्या शिपायांची मढी तीच गिळते, उरलेल्यांना घरी पाठवते, आणि पडझड झाली असेल तिथं डागडुजीला लागते.

आत्याबाई शेण गोळा करता करता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे सासूच की."

ड्रेसरांनी हातातली काच खाली ठेवली. मग त्यांनी आत्याबाईंसमोर टोपी काढली. चाळीस वर्षांत इतकं नीट कुणी समजून घेतलं नव्हतं, म्हणाले. तेव्हापासून आत्याबाई छावणीत हात मागं बांधून फिरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रेसरांनी सगळ्या बायांना हे करून दाखवायचं ठरवलं. आमचं पाल म्हणजे कास. आत्याबाई खादाडबाई, वाकळ घेऊन आत बसलेल्या. जंतू व्हायला कुणी तयार होईना. नेमके चेअरमन छावणीची पाहणी करत आले, आणि काय चाललंय ते बघायला वाकून पालात शिरले. ड्रेसर म्हणाले, आला. आत्याबाईंनी वाकळ टाकली. नुसती टाकली नाही, दोन्ही हातांनी कवळा घालून वरून बसल्या. आतून चेअरमनचा आवाज येत होता, पण वाकळ पाच साड्यांची, त्यामुळं काय म्हणत होते ते कळलं नाही. आत्याबाईंनी विचारलं, आता गिळू का? ड्रेसर म्हणाले, आधी ओरडा, बाकीच्यांना बोलवा.

माझ्या सासूचा आवाज तू ऐकला नाहीस. त्या ओरडल्या. छावणीतल्या माणसांना वाटलं, चोर धरलाय. काठ्या, विळे, जे हाताला लागलं ते घेऊन शे-दीडशे माणसं धावली. त्यांच्या पायांखाली सकाळीच वाटलेली वाढी तुडवली गेली, पाण्याचं एक पिंप कलंडलं, बिथरून तीन म्हशींनी दावी तोडली, आणि शेजारचं पाल कुणाचा काही दोष नसताना आडवं झालं. धुळीत काही दिसेना. आणि त्या गोंधळाच्या मधोमध ड्रेसर आनंदानं दोन्ही हात वर करून उभे. बघा वैनी, मला म्हणाले, ही सूज. मदत लई आली की ती पण नुकसान करती. आता आज्जींनी सगळ्यांना घरी पाठवायचं.

आत्याबाई चेअरमनवरून उठल्या, सगळ्यांना घरी जा म्हणाल्या, आणि झाडू घेऊन तुडवलेली वाढी गोळा करायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वाकळीखालून चेअरमन निघाले. इस्त्रीचं काय झालं ते मी सांगत नाही.

त्याच संध्याकाळी चेअरमन आमच्या पालाशी आले, आत न येता. म्हणाले, तांबूची दगडी इतर जनावरांना लागेल, ही गाय छावणीत ठेवता येणार नाही. रागानं म्हणाले हे खरं, पण चुकीचं म्हणाले नाहीत. दगडी हातांवरून एका कासेतून दुसरीत जाते, आणि तिथं चारशे जनावरं होती. छावणीतून काढली तर घरी पाणी नव्हतं. तुझे आजोबा फार बोलणारे नव्हतेच. चार दिवसांनी सिरसाळ्याचा बाजार होता. त्यांनी टेम्पोवाल्याला निरोप धाडला. दुष्काळात सुजलेल्या कासेची गाय कोण कशासाठी घेतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

ड्रेसर चेअरमनकडं गेले आणि चार दिवस मागून आले. बाजारच्या दिवशी दूध तपासू, सुधारलं नसलं तर खुशाल न्या. डॉक्टरांकडून सडात सोडायचं औषध आणलं, ते स्वतः सोडलं. औषध जंतू मारेल, म्हणाले, पण झाडलोट खादाडबाईलाच करायचीय, तिला वाट मोकळी करून द्या. मला कामाला लावलं. दर दोन तासांनी आजारी सड रिकामं करायचं, ते दूध खड्ड्यात ओतून वर चुना टाकायचा. दूध मातीत ओतताना आत्याबाई तोंड फिरवून देवाची क्षमा मागायच्या. धुतलेल्या हातांनी.

ड्रेसर डबा आमच्या पालातच ठेवून जायचे. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी आमटी केली आणि मिसळणाच्या डब्यातून मीठ म्हणून चांगली चिमूटभर पावडर घातली. आमटी उकळली आणि पातेल्यातून फेस वर, वरून खाली, चुलीवर, चूल विझली. ड्रेसर आले तेव्हा आम्ही तिघं त्या फेसाकडं बघत बसलो होतो. त्यांनी आत वाकून पाहिलं. गोळा न्हाई झाला, म्हणाले, आमटी निरोगी हाय.

दूध रोज थोडं बदलत होतं. साबुदाण्याची खीर, मग पातळ पिठलं, मग नुसते धागे. पण बाजारच्या दिवशी सकाळी वाटी हलवली तर धागे अजून होतेच. आणि टेम्पो येऊन उभा होता. चेअरमन म्हणाले, गोळा होतोय, म्हणजे रोग हाय. ड्रेसर म्हणाले, गोळा झाला म्हणजे आत कुणीतरी हाय, कोण हाय ते बघावं लागंल. काच तयार केली, दुर्बीण मांडली, आरसा वळवला, आणि ऊन गेलं.

आठ महिन्यांत पहिल्यांदा आभाळ भरून आलं होतं. छावणीतली माणसं पालांतून बाहेर आली. कुणी हात जोडले, कुणी वर तोंड करून नुसतं उभं राहिलं. आणि सगळ्या माळावर एकच माणूस टाचा उंचावून आभाळाला हाकलत होता. अर्धा तास सरक म्हणायचा, मग काय करायचं ते कर. दोन-चार जण त्यांना मारायलाच निघाले होते. मला रडू येत होतं आणि हसूही, कारण मलाही त्या घडीला ऊन हवं होतं.

टेम्पोवाला घाई करत होता. आजोबांनी तांबूचं दावं सोडून हातात घेतलं. तेव्हा ड्रेसरांचं लक्ष टेम्पोच्या तोंडाकडं गेलं. म्हणाले, दिवा लाव.

टेम्पोवाला म्हणाला, सकाळचे दहा वाजलेत. ड्रेसर म्हणाले, लाव. पिंप उपडं घातलं, त्यावर दुर्बीण ठेवली, आरसा टेम्पोच्या दिव्यासमोर धरला, आणि गुडघ्यांवर बसले. सगळी छावणी आभाळ सोडून आमच्याभोवती जमली. बराच वेळ ते डोळा लावून काच सरकवत राहिले. मग उठून म्हणाले, चेअरमनसाहेब, तुमी बघा.

चेअरमन गुडघ्यांवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा असतील. बघून म्हणाले, हलतंय की हो काहीतरी, मोठं, काळं. ड्रेसर म्हणाले, ती तुमची पापणी हाय. डोळा जरा मागं घ्या. चेअरमननी डोळा मागं घेतला. बारके कुठायत, त्यांनी विचारलं. गेले, ड्रेसर म्हणाले, आता मोठ्याच हायत, पोटं बघा त्यांची. जंतू एक न्हाई, मी चार काचा बघितल्या. चेअरमन म्हणाले, भांडण मिटलंय तर मग सूज कावून हाय अजून?

"साहेब," ड्रेसर म्हणाले, "तुमच्या वार्षिक सभेतलं भांडण मिटल्यावर खुर्च्या उचलायला किती दिवस लागतात?"

सगळे हसले, आणि यावेळी चेअरमनही हसले. म्हणाले, ठेवा गाय. पण पार त्या टोकाला बांधा, आणि तिची धार सगळ्यांच्या शेवटी काढा. ते बरोबरच होतं. ड्रेसर स्वतः तेच सांगणार होते, म्हणाले.

मी आजोबांकडं बघितलं. त्यांनी दुर्बिणीत डोकावलं नाही. ते तांबूजवळ खाली बसले आणि त्या सडावर तळहात ठेवला. तांबूनं पाय उचलला नाही. मान वळवून त्यांच्या पाठीकडं बघितलं आणि रवंथ करायला लागली. दगडी झाल्यापासून पहिल्यांदा. ते उठले, दावं परत खुंटीला बांधलं, आणि दोन गाठी मारल्या.

दिवा तासभर जळत राहिल्यानं टेम्पोची बॅटरी मात्र उतरली. मग चेअरमन, ड्रेसर आणि निम्मी छावणी मिळून त्याला रस्त्यापर्यंत ढकलत गेली. ढग आले तसेच न पडता निघून गेले.

त्या सडाला पुढं दूध कमीच आलं, आत वण राहिला होता. ड्रेसर म्हणायचे, डागडुजी केलेली भिंत नव्यासारखी कशी दिसंल, उभी हाय एवढं बघा. छावणी उठल्यावर ते चकलांब्याकडं लेकीकडं राहायला गेले. तिथून वर्षा-दोन वर्षांनी कार्ड यायचं. त्यात आत्याबाई कशा आहेत, पीकपाणी कसं, असलं काही नाही. मागच्या डाव्या सडाचं कसं आहे, एवढंच. मी प्रत्येकाला उत्तर धाडलं, चार ओळी फक्त सडाबद्दल. मग कार्डं यायची थांबली.

आपल्या दावणीला आता आहे ती तांबूच्या पणतीची लेक. पहिलारू आहे, येत्या पंधरवड्यात विते. पहिल्या चिकात खादाडबाया लई असतात, आईच्या अंगातून वासराच्या पोटात जातात, म्हणून पहिला चीक आधी वासराला, उरेल त्याचा खरवस. आपण त्यांना वाफवून खातो, त्याला माझा इलाज नाही. पण नवं वासरू पहिल्यांदा उभं राहताना चारदा पडतं. कुणीतरी त्याला पोटाखाली हात घालून धरावं लागतं, आणि कुणीतरी सड त्याच्या तोंडात द्यावं लागतं. आजोबा होते तोवर आम्ही दोघं करायचो. मला एकटीला आता होत नाही. दोन हात आणखी लागतात. लवकर ये गं.